तीन नवीन पार्ट टाकूनही सकाळी चालू न होणारी इम्पोर्टेड स्कूटर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही केस ओळखीतल्या एका बाईंची आहे. सगळे त्यांना ताई म्हणतात म्हणून इथेही ताईच म्हणतो, बाकी ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. ताईंची नोकरी शिफ्टची, रात्री-अपरात्री जायचं यायचं, त्यामुळे स्वतःची गाडी हवीच होती आणि हातात पैसे अगदीच थोडे. म्हणून त्यांनी एक चिनी बनावटीची १५० सीसी ऑटोमॅटिक स्कूटर सेकंडहँड घेतली, पुढे डिस्क, मागे ड्रम, दिसायला छान, आणि पुढच्या पॅनेलवर कोणीच कधी न ऐकलेलं नाव.

या नावाबद्दल आधीच सांगून टाकतो कारण बरेच लोक इथेच अडकतात. अशा स्कूटरवरचं नाव बहुतेक वेळा आयात करणाऱ्याने चिकटवलेलं असतं, तीच गाडी दुसरीकडे दुसऱ्याच नावाने विकली जाते, आणि आयात करणारा धंदा बंद करून गेला की त्या नावाने पार्ट शोधणं म्हणजे वेळ घालवणं. बघायचा तो इंजिनावर ठोकलेला कोड. ताईंच्या गाडीवर मागच्या चाकाजवळ डाव्या बाजूला खाली चिखलाखाली १५७क्यूएमजे असं निघालं. त्यातला पहिला १ म्हणजे एक सिलेंडर, ५७ म्हणजे बोअर, सिलेंडरच्या आतला व्यास, साधारण ५७ मिमी, आणि शेवटचा जे म्हणजे १५० सीसीचा गट. हे ते जीवाय६ इंजिन, होंडाच्या जुन्या स्कूटर इंजिनाच्या डिझाइनवरून आलेलं आणि कितीतरी कारखान्यांनी बनवलेलं. याचंच ५० सीसीचं भावंड १३९क्यूएमबी. एवढं कळलं की पार्टचा प्रश्न जवळपास सुटतो, कारण या इंजिनाचे पार्ट सगळीकडे मिळतात, फक्त मागताना गाडीचं नाव न सांगता इंजिनचा कोड सांगायचा.

पैसे देण्याआधी ताईंनी एक काम चोख केलं होतं. फ्रेमवरचा सतरा अक्षरांचा चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी अक्षर न अक्षर जुळवून बघितला. चीनमधल्या कारखान्यांच्या गाड्यांचा हा नंबर एल ने सुरू होतो, तो तसाच होता. कागद जुळले नसते तर पुढचं काहीच लिहायची गरज पडली नसती, कारण कागद नसलेली स्वस्त गाडी कितीही दुरुस्त केली तरी रस्त्यावर चालवता येत नाही.

अडचण काय होती

विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. सकाळी जरा त्रास देते, पण नवीन कार्बोरेटर टाकलाय, नवीन सीडीआय टाकलाय, नवीन इग्निशन कॉइल टाकलीये, असं तो म्हणाला होता, आणि सीटखाली बघितलं तर खरंच तिन्ही वस्तू चकचकीत होत्या, बाकी सगळं धुळीने माखलेलं. (कार्बोरेटर म्हणजे कार्ब पेट्रोल आणि हवा मिसळतो, सीडीआय ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आणि कॉइल त्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते.)

घरी आणल्यावर जे दिसलं ते असं. सकाळी थंड असताना सेल्फ मारत राहायचं, बॅटरी उतरायला लागली की मग कुठे एकदाची सुरू. गरम झाल्यावर सिग्नलला थांबलं की इंजिन हेलकावे खात बंद, मूठ थोडी पिळून धरली तरच चालू राहणार. पिकअप मेलेला. ॲव्हरेज फारच कमी, सायलेन्सरला पेट्रोलचा वास. सेल्फ कधी लागायचा कधी अजिबात नाही. हेडलाइट थांबल्यावर मिणमिणता व्हायचा. आणि ब्रेक, त्याबद्दल पुढे.

जवळपासच्या गॅरेजवाल्यांनी हात लावायला नकार दिला, या गाडीचे पार्ट मिळत नाहीत म्हणून. एकाने बघितली आणि कार्ब बदला म्हणाला. कार्ब नवीनच होता.

समोर कोणते पर्याय होते

ताईंनी मला आणि त्यांच्या शेजारच्या काकांना विचारलं. काका मशीन शॉपमध्ये फिटर होते, आता रिटायर आहेत, स्कूटरचे खास जाणकार असं नाही पण मोजल्याशिवाय हात न लावणारा माणूस. तिघांनी बसून जे पर्याय काढले ते असे होते.

पहिला, आहे तशी विकून टाकायची. यात नुकसान ठरलेलंच, शिवाय समोरच्याला तीच डोकेदुखी. दुसरा, अख्खं इंजिन बदलायचं, या गाड्यांची तयार इंजिनं मिळतात आणि बरेच लोक हे करतात. पण जुन्या इंजिनात नक्की काय बिघडलंय हेच माहीत नसताना ते काढून टाकायचं, आणि नवीन इंजिनाला परत त्याच जुन्या वायरी, त्याच नळ्या, तोच चोक जोडायचा, म्हणजे दोष तिथे असेल तर तो नवीन इंजिनावर पण येणार. तिसरा, पार्ट स्वस्त आहेत तर अजून बदलत राहायचे, स्टेटर (इंजिनावर वीज बनवणारी कॉइल), मॅनिफोल्ड (कार्ब आणि इंजिन जोडणारी नळी), पेट्रोल कॉक, एकेक करून. चौथा, काही विकत न घेता आधी मोजमाप करायचं.

तिसऱ्या पर्यायाचा मोह खरा असतो आणि मला वाटतं या गाड्यांच्या मालकांचं सगळ्यात जास्त नुकसान त्यातच होतं. पार्ट स्वस्त असला की निदानाची गरज वाटत नाही, टाकून बघू म्हणतो माणूस. पण स्वस्त पार्ट नवीन असूनही खराब निघू शकतो, शिवाय बसवताना एखादी नळी नीट लागत नाही, एखादी वायर सुटी राहते, आणि मग मूळ दोष एक होता त्याचे दोन होतात. इथे नेमकं तेच झालं होतं, पण ते तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

ताईंनी चौथा पर्याय घेतला, आणि सोबत एक अट घातली जी मला फार आवडली. इंजिन चालो न चालो, ब्रेक आणि टायर होईपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही, तोवर बसने जाईन.

ब्रेक, टायर आणि नट-बोल्ट

टायरला भरपूर नक्षी शिल्लक होती, बघणारा म्हणेल नवीनच आहेत. पण टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते वाचले तर टायर गाडीइतकेच जुने निघाले. रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं. या गाड्यांसोबत येणारे मूळ टायर ओल्या रस्त्यावर तसेही भरवशाचे नसतात, त्यात ते असे कडक झाले की विचारायलाच नको. दोन्ही बदलले, पैशाच्या हिशोबात हा सगळ्यात मोठा खर्च होता आणि त्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

पुढच्या डिस्कचं ऑइल चहासारखं काळपट झालेलं, ते पूर्ण काढून नवीन भरलं आणि हवा काढली, पॅड बदलले. मागचे लायनर अर्धे होते पण ड्रमच्या आत गंजाची पावडर साठलेली, साफ करून केबल सेट केली.

मग काकांनी सगळे नट-बोल्ट पाना लावून तपासले. हे वाचायला कंटाळवाणं आहे पण या गाड्यांमध्ये हे केलंच पाहिजे, कारण त्या खोक्यातून अर्धवट जोडलेल्या येतात आणि शेवटची जोडणी विकणाऱ्याकडे होते, ती कशी झाली हे कोणालाच माहीत नसतं. मागच्या चाकाचा मधला नट हाताने थोडा फिरला. हॅन्डलचं बेअरिंग सैल होतं, पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे केली की टक टक आवाज यायचा. सायलेन्सरचा एक बोल्ट नव्हताच. सैल निघालेल्या सुट्या बोल्टना थ्रेडलॉक (हादऱ्याने बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावून परत कसलं. इथे एक काळजी घ्यावी लागते, ॲल्युमिनियममध्ये जाणारे बोल्ट, विशेषतः ऑइल ड्रेनचा, ताकद लावून कसले की आटे गेलेच समजा, तिथे मनगटाचा जोर पुरतो.

पेट्रोलच्या आणि व्हॅक्यूमच्या नळ्या वाकवल्या तर तडे दिसले. त्या सगळ्या एकदम बदलल्या, पण काढायच्या आधी प्रत्येकीचा फोटो, दोन्ही टोकांचा. या इंजिनावर तीन-चार सारख्या दिसणाऱ्या नळ्या एकमेकींजवळून जातात आणि अदलाबदल झाली तर पुढचं निदान सगळं चुकीचं होतं.

निर्णयाची जागा : थंड आणि गरम वेगळं करणं

आता इंजिन. इथे काकांनी जो विचार केला तोच या केसमधला महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई म्हणाल्या, "काका, कार्ब नवीन आहे, कॉइल नवीन आहे, मग परत तेच का होतंय?"

"नवीन आहे म्हणून बरोबरच आहे असं कोण म्हणालं तुला? आणि थंड असताना जे होतंय आणि गरम झाल्यावर जे होतंय, ते एकच आहे हे तरी आपल्याला कुठे माहितीये."

तर दोन तक्रारी वेगळ्या धरल्या. आधी फक्त सकाळची.

इंजिन सुरू व्हायला पेट्रोल लागतं, ठिणगी लागते, सिलेंडरमध्ये दाब म्हणजे कॉम्प्रेशन लागतं. सेल्फ मारून मारून सुरू न झाल्यावर लगेच प्लग काढला. प्लग ओला होता आणि काळ्या काजळीने भरलेला. म्हणजे पेट्रोल पोहोचतंय, कमी तर नाहीच, उलट जास्तच. प्लग पुसून कॅपला लावून, त्याची बॉडी इंजिनाच्या धातूला टेकवून सेल्फ मारला, निळी ठणठणीत ठिणगी. हे करताना प्लगच्या भोकापासून लांब धरायचं आणि आसपास सांडलेलं पेट्रोल नको, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट, ठीक. पेट्रोल कॉक पण तपासला. या गाड्यांचा कॉक व्हॅक्यूमवर उघडतो, इंजिन बंद असताना पेट्रोल थांबायला हवं आणि छोट्या नळीतून सिरिंजने हवा ओढली की वाहायला हवं, तसंच होत होतं. मॅनिफोल्डच्या रबराभोवती इंजिन चालू असताना क्लीनरचा फवारा मारून बघितला, इंजिनाचा आवाज बदलला नाही, म्हणजे तिथून हवा ओढत नाहीये. हे असे काही न सापडणारे तपास पण लिहून ठेवले, कारण पुढे परत तिथेच शंका घेत बसायला नको.

मग राहिला दाब. आणि इथे ताईंच्या बोलण्यातली एक गोष्ट उपयोगी पडली, त्या सहज म्हणाल्या होत्या की सेल्फ मारला की इंजिन फार हलकं गरगरतं आणि किकला पण काही जोर लागत नाही. दाब बरोबर असेल तर किक एका जागी अडते, पायाला कळतं. इथे अडतच नव्हती.

दाब कमी म्हटलं की बहुतेक जण पिस्टन-रिंग गेल्या म्हणतात आणि सिलेंडर किट मागवतात. पण त्याआधी बघायची गोष्ट म्हणजे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या रॉकरमधली बारीक फट (गॅप) जिथे सेट करतात ती जागा. व्हॉल्व्ह दोन, एक इनटेकचा (पेट्रोल-हवा आत घेणारा) आणि एक एक्झॉस्टचा (जळालेला वायू बाहेर सोडणारा). या इंजिनात सुरुवातीच्या वापरात व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू आत बसत जातात, त्यामुळे टॅपेटचा गॅप वाढत नाही, कमी होतो. म्हणून आवाजावरून हे कळत नाही. टॅपेट सैल असले तर टकटक ऐकू येते आणि लोक गॅरेजला नेतात, घट्ट झाले तर इंजिन उलट छान गप्प वाटतं. आणि गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दाब निसटतो, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह असा अर्धवट उघडा राहिला तर गरम वायूने त्याची कड जळायला लागते. म्हणजे हे नुसतं सकाळच्या त्रासाचं प्रकरण नसतं, तसंच चालवत राहिलं तर पुढे व्हॉल्व्हच बदलावा लागतो.

टॅपेट

रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच हे काम करायचं, गरम असेल तर मोजलेला गॅप खोटा. सीटखालचा डबा काढला की इंजिनाचं डोकं दिसतं, कव्हरचे चार बोल्ट काढले. प्लग काढून ठेवला म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. पंख्याच्या बाजूने हळूहळू फिरवत फ्लायव्हीलवरची टी खूण इंजिनाच्या केसवरच्या (बाहेरच्या कवचावरच्या) खुणेसमोर आणली. पण टी खूण दोनदा येते, एकदा दाबाच्या वेळी आणि एकदा एक्झॉस्टच्या वेळी, म्हणून कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचं) गिअर बघायचं, त्यावरचं मोठं भोक बाहेरच्या बाजूला आणि दोन छोटी भोकं हेडच्या काठाला समांतर आली की बरोबर जागा. त्या वेळी दोन्ही रॉकर बोटाने थोडे हलायला हवेत.

इनटेकचा किंचित हलला. एक्झॉस्टचा हललाच नाही. ०.०५ मिमीची पात (फट मोजायच्या फीलर गेजची पातळ पट्टी) पण शिरेना.

१५० च्या इंजिनाला साधारण ०.१० मिमीपर्यंत गॅप ठेवतात, मॅन्युअलनुसार थोडा फरक असतो, ५० सीसीला त्याहून कमी. काकांनी दोन्ही ०.१० ला सेट केले, लॉकनट कसताना स्क्रू थोडा फिरतोच आणि गॅप बदलतो म्हणून कसल्यावर परत पात घालून बघितली, एक्झॉस्टला परत सोडून परत सेट करावं लागलं. पात ओढताना हलकी घासली पाहिजे, अडकायला नको आणि मोकळी पण यायला नको. मग इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा त्याच जागी आणून पुन्हा मोजलं.

कव्हर लावून, नवीन प्लग लावून किक मारली तर ती अडली. ताईंनी तो फरक स्वतःच्या पायाने बघितला. सेल्फला लगेच सुरू. जो त्रास घालवायला कार्ब, सीडीआय आणि कॉइल विकत घेतली गेली होती त्याला लागली होती एक फीलर गेज आणि एक पाना.

गरम झाल्यावरचा दोष अजून होताच

इथे दोन तक्रारी वेगळ्या धरल्याचा फायदा झाला. कारण इंजिन सकाळी सुरू झालं तरी गरम झाल्यावर परत हेलकावे, परत काळा धूर. सगळं एकच समजून बसलो असतो तर वाटलं असतं टॅपेटने काही झालं नाही.

काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. गरम झाल्यावर जास्त म्हणजे चोक बंद होत नाहीये का हे पहिलं बघायचं. या कार्बवर चोकची दांडी नसते, एक छोटा इलेक्ट्रिक ऑटो-चोक असतो. आत मेणाची गोळी, इंजिन चालू झालं की वीज येऊन ती तापते, फुगते, आणि एक सुई पुढे ढकलून काही मिनिटात जास्तीचं पेट्रोल बंद करते. वीज मिळाली नाही तर चोक कायम उघडाच.

कार्बच्या बाजूला हात घालून चोकची वायर पकडली आणि मागे माग काढत गेलो तर कनेक्टर हवेत लटकत होता. नवीन कार्बसोबत आलेला कनेक्टर वेगळ्या आकाराचा, गाडीच्या वायरिंगचा वेगळ्या आकाराचा, दोन्ही बसेनात म्हणून बसवणाऱ्याने तसंच सोडून दिलं होतं. म्हणजे हा दोष गाडीत मूळचा नव्हताच, नवीन कार्बने आणलेला होता. आणि प्लग ओला आणि काजळीने भरलेला का निघाला होता हेही यातून नीट जुळलं.

आधी चोकचा रेझिस्टन्स मोजला, सर्किट तुटलेलं नव्हतं. मग काढून १२ व्होल्ट देऊन बघितलं, काही मिनिटात सुई पुढे सरकली. चोक चांगला. मग दोन्ही कनेक्टर कापून योग्य जोडीचे लावले, नुसतं पीळ मारून टेप गुंडाळली नाही, कारण तिथे उष्णता आणि हादरे दोन्ही असतात. त्यानंतर इंजिन पूर्ण गरम करून मिक्स्चरचा स्क्रू आणि स्लो (मूठ सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) सेट केला, साधारण मिनिटाला १७०० फेऱ्यांच्या आसपास. तेल पण बदललं, जुन्या तेलाला पेट्रोलचा वास होता, इतके दिवस जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली झिरपत होतं.

सेल्फ कधी लागतो कधी नाही याचं कारण डाव्या ब्रेक लिव्हरचा स्विच. ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही अशी रचना असते आणि तो स्विच चिकटत होता, उजवा ब्रेक दाबला की दर वेळी लागायचा. साफ केला, झालं. हेडलाइटचं म्हणाल तर दोषच नव्हता. बल्बच्या टोकांवर मीटर डीसीवर ठेवला तर काहीच नाही, एसीवर ठेवला तर व्होल्टेज. अशा बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर न चालता सरळ स्टेटरवर चालतो, इंजिन मंद झालं की तो मंद होणारच. बॅटरीचं चार्जिंग मूठ पिळल्यावर १४ व्होल्टच्या वर जात होतं. ताईंना आधी कोणीतरी बॅटरी आणि रेग्युलेटर दोन्ही बदला सांगितलं होतं, ते वाचलं.

बेल्ट

इंजिन ठीक झाल्यावर पिकअप सुधारला पण सुरुवातीला हिसका बसत होता, म्हणून डाव्या बाजूचं कव्हर उघडलं. बेल्टवर ८४२-२०-३० छापलेलं, म्हणजे लांबी ८४२ मिमी, रुंदी २०, कोन ३० अंश, हेच आकडे सांगून नवीन मागवायचा. जुन्याच्या आतल्या बाजूला तडे होते. व्हेरिएटरचे (वेगाप्रमाणे आपोआप गिअर बदलणाऱ्या पुढच्या पुलीचे) सहा रोलर एका बाजूने चपटे झालेले. जुन्याच मापाचे आणि जुन्याच वजनाचे नवीन टाकले.

परत जोडताना एक गोष्ट अशी आहे जी चुकली तर क्रँकशाफ्टच बाद होतो. बेल्ट ताणलेला असेल तर पुढची पुली शाफ्टच्या दातऱ्यांवर पूर्ण आत बसत नाही, बेल्ट मध्ये चिमटला जातो, आणि नट कसला की पाना कडक लागतो, माणसाला वाटतं झालं. खरं तर नट बेल्टवर कसला गेलेला असतो. गाडी चालली की बेल्ट जागेवर येतो, नट सैल पडतो आणि पुली शाफ्टचे दाते खाऊन टाकते. म्हणून आधी मागची पुली हाताने उघडून बेल्ट तिच्या खोल आत ढकलायचा, पुढे बेल्ट अगदी सैल लोंबला पाहिजे, मग पुढची पुली बसवायची, शाफ्टचे दाते नटच्या खाली बाहेर दिसले पाहिजेत. काकांनी नट कसल्यावर बेल्ट हाताने हलवून बघितला, पुढच्या पुलीत मोकळा फिरत होता, तेव्हाच कव्हर लावलं. मागच्या गिअर ऑइलचं पण काम करून टाकलं, ८०डब्ल्यू९०, जेमतेम कपभर सुद्धा लागत नाही.

एक नाकारलेला पर्याय

पार्ट बघताना ताईंच्या भाच्याने बिग बोर किट दाखवलं, मूळ ५७.४ मिमीच्या जागी मोठा सिलेंडर आणि रेव्ह लिमिटर (इंजिनाचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवणारी सोय) नसलेला सीडीआय. मावशी, एवढ्यात गाडी कुठल्या कुठे जाईल, असं त्याचं म्हणणं. काही किटमध्ये तर इंजिनाची केस पण कापावी लागते. काकांनी नको म्हणताना कारण दिलं ते मला पटलं. पंख्याच्या हवेवर थंड होणारं इंजिन, तेल एक लिटरसुद्धा नाही, ब्रेक आणि फ्रेम आहे तीच, आणि ताईंना रात्री घरी पोहोचायचंय. जास्त ताकदीचा प्रत्येक भाग उष्णता वाढवणार आणि भरवसा कमी करणार. ताईंनी ते पैसे रेनकोट आणि चांगल्या हेल्मेटवर घातले.

परिणाम

गाडी आता रोज चालते. सकाळी पटकन सुरू होते, सिग्नलला उभी राहते, प्लगचा रंग काळ्यावरून फिकट तपकिरी झाला आणि ॲव्हरेज डोळ्यात भरण्याइतकं सुधारलं. काहीशे किलोमीटरनंतर टॅपेट परत मोजले, एक्झॉस्ट थोडा घट्ट झाला होता, परत सेट केला, त्यापुढच्या वेळी तो जागच्या जागी होता. हे महत्त्वाचं, कारण गॅप दर वेळी भराभर कमी होत राहिला असता तर व्हॉल्व्ह किंवा सीटच खराब आहे असं धरून हेड उघडावं लागलं असतं.

सगळं सुटलेलं नाहीये. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून तेल थोडं पाझरतं. पॅनेलचे दोन प्लास्टिकचे खिळे तुटलेत. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो, मोबाइलच्या जीपीएसशी ताडून ताईंनी तो फरक लक्षात ठेवलाय. जुना मूळ कार्ब विकणाऱ्याकडून मागितला पण त्याने टाकून दिला होता.

वेगळं काय करता आलं असतं

काही गोष्टींचा क्रम बदलला असता तर काम कमी झालं असतं. टॅपेट मोजणं हे पेट्रोल, कॉक, मॅनिफोल्ड या सगळ्याच्या आधी करता आलं असतं, कारण या इंजिनात ते ठरावीक अंतराने करायचंच असतं आणि त्याला खर्च नाही. कॉम्प्रेशन गेज मिळवून आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवला असता तर अजून चांगलं, किक अडते का यावरून अंदाज येतो पण रिंगची खरी अवस्था कळत नाही, आणि ती माहिती आज ताईंकडे नाहीये.

घेण्याच्या वेळचं पण बोलायला हवं. सौदा ठरवताना रात्रभर थंड असलेल्या गाडीला स्वतः किक मारून बघायची, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यायचं. ताई दुपारी बघायला गेल्या होत्या. आणि नवीन पार्टची यादी ऐकली की ते कोणत्या त्रासासाठी बदलले आणि बदलल्यावर त्रास गेला का, हे दोन प्रश्न विचारायचे. कार्ब, सीडीआय, कॉइल तिन्ही नवीन आणि तक्रार तशीच, एवढ्यावरून मूळ दोष त्या तिन्हीत नसणार हे खरेदीच्या दिवशीच कळू शकत होतं, आणि किंमत पण त्या हिशोबाने अजून खाली आणता आली असती.

चोकच्या वायरचं म्हणाल तर, जिथे आधी कोणी हात लावलाय तिथून तपास सुरू करायचा असं आता काका म्हणतात. चकचकीत पार्ट दिसले की त्यांची प्रत्येक वायर आणि प्रत्येक नळी पहिल्यांदा हाताने ओढून बघायची. इथे ते पहिल्याच दिवशी पाच मिनिटात झालं असतं.

पुढचं काम म्हणून कव्हरचं गॅस्केट आणलंय. पुढच्या टॅपेट चेकला कव्हर उघडणारच आहे, तेव्हाच ते बदलायचं आणि त्याच वेळी कॉम्प्रेशन पण मोजायचं असं ठरलंय.